सतरा नंबरचं हाड

आमच्या भावजींना ताप आला की ते जनावरांच्या डॉक्टरकडे जायचे. मी हे लोकांना सांगते तेव्हा त्यांना वाटतं, मेहुणी आहे, थट्टा करणारच. थट्टा नाही. शहरात माणसांचे डॉक्टर शंभर तरी असतील, पण त्यातले बहुतेक सगळे एकाच मेडिकल कॉलेजात शिकले, आणि त्या कॉलेजात भावजींनी चौतीस वर्षं काढली.

"माणसांच्या प्रत्येक डॉक्टरविरुद्ध माझ्याकडे पुरावा आहे," ते म्हणायचे. "हा गुरांचा डॉक्टर दुसरीकडे शिकलाय. त्याला संशयाचा फायदा."

तो गुरांचा डॉक्टर बिचारा दर वेळी हात जोडायचा. "मामा, मला माणसाला औषध द्यायची परवानगी नाही हो." भावजी म्हणायचे, "देऊ नका. नुसता हात लावून सांगा, ताप आहे की नाही, आणि वजन करा." त्याच्याकडचा काटा गुरांचा. भावजी त्यावर चढले तरी काटा जागचा हलायचा नाही. भावजी समाधानाने घरी यायचे आणि ताईला सांगायचे, वजन वाढलेलं नाही.

भावजी स्वतः डॉक्टर नव्हते, प्रोफेसरही नव्हते. प्रयोगशाळेतले मदतनीस. पोरं त्यांना हाडमामा म्हणायची, कारण त्यांचं मुख्य काम हाड घासायचं. वाळलेल्या हाडाची करवतीने पातळ चकती कापायची, ती आधी खरबरीत दगडावर, मग गुळगुळीत दगडावर, पाणी सोडत सोडत बोटाने घासायची. पापुद्रा इतका पातळ झाला पाहिजे की वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता यावीत. मग तो काचेच्या पट्टीवर चिकटवायचा, म्हणजे पोरांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बघावा. एका पापुद्र्याला दोन दिवस लागायचे. बुटक्या स्टुलावर बसायचं, डावा पाय गुडघ्यात मुडपून त्याच्यावर दगड टेकवायचा, आणि घासत राहायचं.

हाडाबरोबर बोटंही घासली जात. पुढे कॉलेजात अंगठा लावून हजेरी घ्यायचं यंत्र आलं, तेव्हा यंत्राला भावजींच्या अंगठ्यावर एकही रेघ सापडली नाही. ते रोज सर्वांच्या आधी यायचे आणि यंत्र त्यांना गैरहजर मांडायचं. दोन महिन्यांनी कार्यालयाने पत्र दिलं की आपण कामावर येत नाही, तरी कार्यालयात येऊन खुलासा करावा. ते गेले. कारकुनाने समोर उभ्या असलेल्या माणसाकडून न येण्याचं कारण लिहून घेतलं. भावजींनी लिहिलं, "अंगठा घासला गेला." तो कागद अजून ताईकडे आहे.

घरातही हाडाशिवाय विषय नाही. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्याच इमारतीत, तळमजल्यावर. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुपारी मी वर चहाला गेले की भावजींचं चालू.

"लोकांना वाटतं हाड म्हणजे दगड. अगं, हाड म्हणजे वस्ती आहे! मध्ये रक्ताची बारीक नळी, तिच्याभोवती गोल गोल भिंती, भिंतींमध्ये इवल्या इवल्या खोल्या, आणि एकेका खोलीत एकेक पेशी. खोलीखोलीतून केसाहून बारीक बोळ निघतात. त्या बोळांतून या पेशी एकमेकींना हात लावून बसलेल्या असतात."

"आणि भिंती बांधतं कोण?" मी मुद्दाम विचारायचे. उत्तर पाठ होतं.

"त्याच! आधी त्या बांधणाऱ्या असतात. बांधता बांधता स्वतःच्याच भिंतीत अडकतात, मग तिथेच घर करून राहतात. आणि तिसरी जात पाडणाऱ्यांची. धिप्पाड, पोटात डझनभर केंद्रकं, जिथे जाईल तिथे हाड खाऊन खड्डा पाडणार. बांधणं आणि पाडणं, दोन्ही चालू असलं तर हाड चांगलं. दहा वर्षांत माणसाचा सांगाडा जवळजवळ नवा होऊन निघतो."

"म्हणजे ताईने तीन सांगाड्यांबरोबर संसार केला."

"आणि पाडणारी पेशी कोण ते सांगू का?" माझ्याकडे बघून ते म्हणायचे, आणि ताई आतून ओरडायची, "चहा गार होतोय दोघांचा."

कूर्चेबद्दल मात्र ते हळू आवाजात बोलायचे. कूर्चा म्हणजे मऊ हाड. कानाची वरची कडा दाबून बघा, नाकाचं टोक हलवून बघा, तीच ती. सांध्यात दोन हाडांच्या टोकांना तिचाच गुळगुळीत थर असतो. काचेसारख्या गरात दोन-दोन, चार-चार पेशी बसलेल्या. ना रक्ताची नळी, ना मज्जातंतू. "तक्रार करत नाही, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही," ते म्हणायचे. "आणि रक्त नाही, म्हणून एकदा झिजली की भरून येत नाही." हे सांगताना त्यांचा हात आपोआप डाव्या गुडघ्यावर जायचा. मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

आता परीक्षेबद्दल सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

वर्षातून एकदा लांब टेबलावर तीस सूक्ष्मदर्शक ओळीने मांडायचे. प्रत्येकात एक स्लाइड. पोरांनी एकामागून एक बघत जायचं आणि कागदावर लिहायचं, हे काय आहे. एका स्लाइडला अर्धं मिनिट. अर्धं मिनिट झालं की भावजी पितळेची घंटा वाजवणार, आणि पोरगं पुढे सरकणार. घंटा वाजल्यावर भिंगातून डोळा काढला नाही तर भावजी त्याच्या कानाशी येऊन दुसऱ्यांदा वाजवत. शहरातले मोठमोठे डॉक्टर अजूनही सायकलची घंटा वाजली की एक पाऊल बाजूला सरकतात.

स्लाइडवर तर शंभर गोष्टी दिसतात, मग नेमकं काय ओळखायचं? त्यासाठी खूण लागते. जिथे डोळा लावतात ते वरचं भिंग, म्हणजे आयपीस, त्याच्या आत एक केस चिकटवायचा. भिंगात बघितलं की तो केस काळ्या बाणासारखा दिसतो. त्याचं टोक जिथे, ते ओळखा. डोक्याचा केस चालत नाही, तो दोन्हीकडे सारखा. पापणीचा केस बुडाशी जाड आणि टोकाला निमुळता, म्हणून तोच हवा. तीस भिंगांत तीस केस, आणि ते सगळे आमच्या ताईच्या पापण्यांचे. लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात भावजी चिमटा घेऊन तिच्यासमोर बसले, तेव्हा तिला वाटलं, डोळ्यात काही गेलंय म्हणून काळजीने बघतायत.

ताईच्या पापण्या आखूड. केसाचं टोक भिंगाच्या मध्यापर्यंत पोचायचं नाही, थोडं अलीकडेच थांबायचं. माझ्या पापण्या चांगल्या लांब, पण मेहुणीकडे पापणी मागायची त्यांची हिंमत झाली नाही.

तर या परीक्षांमुळे भावजींना शहरातला प्रत्येक डॉक्टर त्याच्या चुकीवरून माहीत. कातडीचा मोठा डॉक्टर, ज्याच्याकडे महिना महिना नंबर लागत नाही, त्याने हाडाच्या गोल भिंती बघून "कांदा" लिहिलं होतं. मुलांच्या डॉक्टरने "लाकूड". डोळ्यांच्या डॉक्टरने बंद डोळा भिंगाला लावला होता आणि "स्लाइडवर काही नाही" अशी तक्रार केली होती. ताईला मोतीबिंदू झाला तेव्हा भावजी म्हणाले, "त्याच्याकडे? त्याला कुठला डोळा उघडा ठेवायचा ते कळत नाही." शेवटी मीच तिला गुपचूप नेलं. तिचे दोन्ही डोळे छान झाले. भावजी म्हणाले, चुकून झाले असतील.

पण या सगळ्यांत तळाचा कोण, तर सतरा नंबर.

सतरा नंबरची स्लाइड म्हणजे हाड. बकरीच्या पिल्लाच्या पायाचं टोक. हे घासलेलं नव्हे. हे आम्लात भिजवून मऊ करून, सुरीने कापून, रंगवलेलं. वाढत्या हाडाच्या टोकाला अर्धी कूर्चा असते आणि अर्धं झालेलं हाड. कूर्चा निळसर दिसते, हाड गुलाबी. बाण गुलाबीवर. याहून सोपी स्लाइड तिसांत नव्हती. एकतीस वर्षांपूर्वी एका परीक्षेला साठ पोरं बसली. एकोणसाठ जणांनी "हाड" लिहिलं. एकाने "कूर्चा".

"कांदेवाल्यानेसुद्धा हाड लिहिलं!" भावजी कपाळाला हात लावून सांगायचे. "लाकूडवाल्याने लिहिलं! आणि हा गाढव म्हणतो कूर्चा!"

तो पोरगा त्या दोन मार्कांनी नापास झाला, सहा महिने मागे पडला. आणि पुढे त्याने काय करावं? हाडांचा डॉक्टर व्हावं! स्टेशनजवळ चार मजली दवाखाना बांधला, बाहेर भला मोठा गुडघा रंगवलेली पाटी. भावजी त्या रस्त्याने जायचंच टाळायचे. त्याचं नाव आमच्या घरात कोणी कधी उच्चारलं नाही. सतरा नंबर एवढंच.

भावजी निवृत्त झाले तेव्हा कॉलेजात स्लाइडऐवजी पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात झाली होती. जुने सूक्ष्मदर्शक भंगारात निघाले. भावजींनी सतरा क्रमांकाचा सूक्ष्मदर्शक, स्लाइडांची लाकडी पेटी आणि घंटा मागून घरी आणली. आणि वर्षभरात डाव्या गुडघ्याने दगा दिला.

चौतीस वर्षं मुडपून बसल्याचा हिशेब गुडघ्याने एकदम मागितला. कूर्चा संपली, हाडावर हाड घासायला लागलं. चालताना आवाज यायचा, जात्यासारखा. भावजी म्हणायचे, "आतल्या आत स्लाइड तयार होतेय," आणि भिंत धरून उभे राहायचे. मग उभं राहणंही गेलं. पाय वाकलेला तसाच आखडू लागला. आठ महिने माणूस तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरला नाही. ताई पासष्ट वर्षांची. ती त्यांना उचलून खुर्चीत बसवायची, खुर्चीतून न्हाणीघरात न्यायची. तिची स्वतःची पाठ गेली. गुरांच्या डॉक्टरने जिने चढून येऊन बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "मामा, दोन-तीन महिन्यांत गुडघा बदलून घ्या. नंतर पाय सरळ होणार नाही. घोड्याची ही अवस्था असती तर मी काय सल्ला दिला असता ते सांगत नाही."

गुडघे बदलणारा शहरात एकच. सतरा नंबर.

"ज्याला हाड कुठलं आणि कूर्चा कुठली कळत नाही, तो माझ्या गुडघ्यात काय कापणार?" भावजी म्हणाले. "नाक काढून हातात देईल."

मी भांडले. कांदा, लाकूड, सगळं काढलं. मी म्हणाले, तुमचा सांगाडा तीन वेळा नवा झाला, अढी मात्र तीच जुनी. काही उपयोग नाही. मग एके दिवशी ताई त्यांना उचलताना स्वतःच खाली बसली आणि तिला उठता येईना. दोघं जमिनीवर, आणि मी दोघांना उठवायला. ताई रडली नाही. म्हणाली, "मला यांना एकदा रस्त्याने चालताना बघायचंय. माझ्याबरोबर. बाकी काही नको." मला तेव्हा भावजींचा इतका राग आला होता की बोलले असते तर आयुष्यभर पस्तावले असते.

भावजींनी ताईची पाठ चोळली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण आधी त्याची परीक्षा घेणार."

म्हणून एका सोमवारी सकाळी मी सामान हलवणारे दोन हमाल बोलावले. त्यांनी विचारलं, आधी काय खाली न्यायचं, माणूस की पेटी? भावजी म्हणाले, पेटी. आधी सूक्ष्मदर्शक उतरला, मग स्लाइडा, मग माझ्या दुकानातल्या खुर्चीत बसवलेले भावजी, मांडीवर घंटा. जिन्यात प्रत्येक पायरीला घंटा वाजत होती. मागून ताई आणि मी उतरत होतो, शेजारी दारं उघडून बघत होते.

दवाखान्यात माणसं दाटीवाटीने बसलेली. आतल्या खोलीत सतरा नंबर: पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, जाड चष्म्याचा, भिंतीभर सर्टिफिकिटं. त्याने खुर्चीतल्या माणसाकडे बघितलं, घंटेकडे बघितलं आणि ताडकन उभा राहिला.

"मामा?"

"बस," भावजी म्हणाले, त्याच्याच दवाखान्यात. "गुडघा नंतर. आधी हे ओळख."

मला वाटलं, हा आता हसेल, नाहीतर आम्हाला बाहेर काढेल. त्याच्या मागे नर्स उभी, बाहेर चाळीस पेशंट. पण त्याचा चेहरा उतरला. त्याने कपाळ पुसलं आणि टेबलावरचे कागद बाजूला करून जागा केली. भावजींनी खिडकीच्या उजेडाकडे आरसा फिरवला, सतरा नंबरची स्लाइड बसवली, बराच वेळ एक डोळा मिटून बाण गुलाबीवर आणला. मग मागे टेकले आणि घंटा वाजवली.

सतरा नंबर वाकला. चष्मा भिंगावर टेकला, एका हाताने नळी घट्ट धरली, भिंग जरा डोळ्याजवळ ओढून घेतलं. अर्धं मिनिट. दुसरी घंटा.

"कूर्चा," तो म्हणाला.

ताईच्या तोंडून "अरे देवा" निघालं. भावजी मात्र उजळले. इतक्या वर्षांचा त्यांचा शब्द खरा ठरला होता. "बघितलंस? बघितलंस? एकतीस वर्षांनीसुद्धा! एकोणसाठ जणांना हाड दिसतं आणि तुला एकट्याला कूर्चा! चला, उचला मला."

"मामा," सतरा नंबर हळूच म्हणाला, "एकदा तुम्ही बघा ना."

"मला काय बघायचंय? मीच लावलंय."

"तरी बघा."

भावजी वाकले. त्यांनी दोन बोटांनी आयपीस धरला आणि हलकेच फिरवला. परत मागे फिरवला. पुन्हा पुढे. मला राहवेना, मी त्यांचं डोकं बाजूला करून डोळा लावला. जुना आयपीस नळीत सैल बसलेला. तो फिरला की आतला केसही घड्याळाच्या काट्यासारखा फिरत होता. केस मध्यापर्यंत पोचला असता तर टोक जागच्या जागी राहिलं असतं. पण तो आखूड. भिंग फिरलं की ताईच्या पापणीचं टोक गुलाबीवरून सरकून थेट निळ्यावर. डोळा लावताना कोणी नळी धरली, कोणाचा चष्मा भिंगाला लागला, एवढं पुरे होतं.

"परीक्षेत तुम्ही भिंग पुन्हा तपासत होतात का?" मी विचारलं.

"सकाळी एकदा," भावजी म्हणाले. "सुरू व्हायच्या आधी. नंतर घंटा कोण वाजवणार?"

"त्या दिवशीही निळंच होतं, मामा," सतरा नंबर म्हणाला.

"मग भांडला का नाहीस?" भावजींचा आवाज चढला, पण तो रागाचा नव्हता.

"वर्गातल्या सगळ्यांनी हाड लिहिलं. मला वाटलं, मीच चुकलो."

"पण सगळ्यांनी हाड कसं लिहिलं? एखाद्याच्या वेळी तरी भिंग फिरलं असेल!"

सतरा नंबरने चष्मा काढला. "मामा, स्लाइडांचा क्रम दर वर्षी तोच असायचा. वसतिगृहाच्या जिन्यात भिंतीवर यादी लिहिलेली होती. बारा म्हणजे यकृत, सतरा म्हणजे हाड. कोणी बघत नव्हतं हो. वाकायचे आणि लिहायचे. यादीतलं जे आठवलं नाही तिथे कांदा, लाकूड असं मनाचं ठोकून दिलं, तेवढंच चुकलं."

"आणि तू?"

"मी घरून यायचो. मला जिना माहीत नव्हता. म्हणून मी बघितलं."

भावजींनी घंटा मांडीवर आडवी ठेवली, म्हणजे वाजणार नाही. ज्याने खरंच बघितलं तो एकच पोरगा नापास झाला होता, आणि न बघणारे शहरभर दवाखाने टाकून बसले होते.

"सहा महिने रोज येऊन बसायचास तू माझ्या प्रयोगशाळेत," भावजी म्हणाले. "हाडांच्या स्लाइडा मागायचास. मला वाटायचं, मूर्ख आहे, अजून कळत नाही."

"मलाही तेच वाटायचं. हाड आणि कूर्चा ओळखता येईपर्यंत सोडायचं नाही, असं ठरवलं होतं. अजूनही सुरी लावण्याआधी मी दोनदा बघतो."

त्याला ते कधीपासूनच ओळखता येत होतं. भावजींच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. चौतीस वर्षांत हाडाच्या कुसाने बोट फाटलं तरी मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगते, थोडा आनंदही झाला.

मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. कसलं काय! घरी आल्यावर भावजींनी ऑपरेशनला पुन्हा नकार दिला, आता उलट कारणासाठी. "ज्याचे दोन मार्क मी खाल्ले त्याच्याकडून कुठल्या तोंडाने गुडघा घेऊ? आधी मार्क." त्यांनी कॉलेजला अर्ज लिहिला: एकतीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेत माझ्या पत्नीच्या पापणीच्या आखूडपणामुळे एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला आहे, तरी दोन गुण वाढवून मिळावेत. सोबत पुरावा म्हणून केस जोडला.

महिन्याने उत्तर आलं. विद्यार्थ्याला गुणवाढ हवी असल्यास त्याने चालू वर्षीच्या परीक्षेस नव्याने बसावे. अर्जदाराच्या पत्नीने पापणीबाबत स्वतंत्र खुलासा करावा.

सतरा नंबर म्हणे परीक्षेला बसायलासुद्धा तयार होता. पण पाय तोवर थांबणार होता का? तो दिवसेंदिवस आखडत होता. भावजी कागदावर दुसऱ्या अर्जाचा मजकूर लिहीत होते, मी तोंडाला येईल ते बोलत होते, आणि ताई, जिने इतक्या वर्षांच्या संसारात हाडाविषयी एक शब्द काढला नव्हता, ती चहाचे कप धुऊन बाहेर आली.

"त्याला मार्क द्यायचेत ना?" ती म्हणाली. "मग परीक्षा घ्या. तुमच्या गुडघ्यात हाड पण आहे आणि राहिलेली कूर्चा पण आहे. तो उघडेल तेव्हा विचारा. बाण नको, भिंग नको, माझी पापणी नको. मोठा नमुना आहे, फिरणार नाही."

भावजींनी पेन खाली ठेवलं. खूप विचार करून म्हणाले, "नमुना ताजा आहे, हे खरं."

या ऑपरेशनला कमरेखालचाच भाग बधिर करतात, माणूस जागा राहतो. मध्ये हिरवा पडदा. गुरुवारी सकाळी भावजींना आत नेलं. ताई आणि मी बाहेर बाकावर. ताई एका हाताने आपली पापणी चोळत होती, जणू अजून कोणी चिमटा घेऊन येईल. मी एका पँटीची दुमड घालायला घेतली होती, ती तीनदा उसवली. तास झाला, दीड तास झाला. सांगितलेल्या वेळेवर अर्धा तास गेला. ताई म्हणाली, "काहीतरी बिघडलं असणार." मी म्हणाले, "नाही गं," आणि सुई बोटात घुसली.

मग सतरा नंबर बाहेर आला. टोपी काढून हातात धरलेली, डोळे लाल. ताई उठून उभी राहिली.

"व्यवस्थित झालं," तो म्हणाला. "पाय सरळ झाला. सहा आठवड्यांत तुमच्याबरोबर रस्त्याने चालतील."

ताई परत बाकावर बसली. "मग एवढा उशीर?"

"मामांनी परीक्षा घेतली ना." तो टोपीची कडा बोटांत फिरवत होता. "गुडघा उघडला, तसा पडद्यामागून आवाज. 'सतरा नंबर, कडेला काय दिसतंय?' मी म्हणालो, 'कूर्चा, मामा. थोडी उरली आहे.' 'बरोबर. आणि मध्ये?' मध्ये हाडच होतं, उघडं पडलेलं, घासून काचेसारखं गुळगुळीत. तोंडावर आलं होतं माझ्या. पण तोच आवाज, तोच प्रश्न. माझा हात थांबला. मी म्हणालो, 'मामा, थांबा, पुन्हा एकदा बघून सांगतो.'"

"मग?" मी विचारलं.

"म्हणाले, 'बघ बाळा. सावकाश बघ. घंटा मी घरी ठेवून आलोय.'"